नातेवाईकांनी आत या

बनुआक्काला घेऊन मी कडेगावहून सांगलीला गेलो, ते छातीच्या सीटी स्कॅनसाठी. ती माझी थोरली बहीण. तिचा पोरगा विश्वजीत फौजेत, लेहला. दिवाळीच्या रजेवर येणार म्हणून ती दिवस मोजत होती. माझ्या थापा अख्ख्या तालुक्याला पाठ आहेत, म्हणून ही गोष्ट कुणी खरी धरत नाही. नका धरू.

स्कॅनचं सेंटर तळघरात. भर दुपारी तिथं ट्यूबलाइटचा उजेड, स्पिरिटचा वास आणि भिंतीपलीकडं मशीनची न थांबणारी घरघर. स्कॅन झाल्यावर तिथली बाई आक्काला म्हणाली, "आजी, अर्धा तास इथंच बसा. पाणी भरपूर प्या, म्हणजे टोचलेलं औषध लघवीवाटे जाईल. खाज आली, दम लागला तर लगेच सांगा. मग सुई काढू. रिपोर्ट चारला."

एवढं सगळं तिलाच सांगितलं. चारला मात्र डॉक्टरांच्या खोलीचं दार किलकिलं झालं. "नातेवाईकांनी आत या. पेशंटला बाहेरच बसू द्या."

आक्काचे डोळे पेटले. "फोटू माझ्या छातीचा, अन् बघणार तू?"

"आलोच," म्हणत मी सटकलो.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. गाठ आहे, लिव्हरपर्यंत पसरली आहे, दिवाळी अवघड आहे. "त्यांना सांगू नका. खचतील."

मी मान डोलावली. जन्मभर फुकटच्या थापा मारल्या, आता एक कामाची. कफ झालाय म्हणू.

बाहेर आलो, तर आक्काशेजारी धोतर नेसलेला एक म्हातारा. कोपरात कापसाचा बोळा दाबून धरलेला.

"काय सांगणार हिला?" त्यानं मला विचारलं. "कफ?"

मी रिपोर्ट खिशात कोंबला.

"मलाबी कफच सांगितला हुता. भावकीला ठावं, न्हाव्याला ठावं... मला सोडून. पोरगं फौजेत. रजा टाक म्हटलं असतं, तर त्येचं तोंड तरी बघितलं असतं." त्याचा आवाज चढत नव्हता. पण आक्काच्या बाटलीतलं पाणी थरथरत होतं.

"तुमी... कवा आलता?" मी विचारलं.

"मागल्या साली, बेंदराच्या सणाला."

मी नजर चुकवायला बाटली उचलली. मान वर केली, तर खुर्ची रिकामी. जिना माझ्या पाठीशीच होता. तिथनं कुणी गेलं नव्हतं.

"आक्का, ते कुठं गेलं?"

"मेलेल्याचं सोड, जित्याचं बोल!" ती कडाडली. "त्येनंच सांगितलं मला, गाठ लिव्हरपतुर गेलीय. दिवाळी अवघड हाय. दार लावून हेच सांगितलं का न्हाई तुला?"

मी मान डोलावली.

"मराण माझं, अन् चोरून ऐकणार तुमी? विश्वजीतला फोन लाव. दिवाळी न्हाई, आत्ता रजा टाक म्हणावं. अन् त्यो कागद काढ. वाच."

मी रिपोर्ट काढला. इंग्रजी अक्षरं लावत, जमेल तसं मराठी करत, हलक्या आवाजात वाचू लागलो. तळघरात आम्ही दोघंच होतो. मागच्या खुर्च्या मात्र एकेक करून करकरल्या... माणसं पुढं वाकून बसावीत तशा.

आक्कानं मागं वळून पाहिलं नाही.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "मागच्यास्नी ऐकू येत न्हाई."