जोडीतली दुसरी चादर

आई हरवली तर वीरभद्रप्पाला काय मिळणार होतं? ना घर, ना दागिना. मिळणार होती ती सलग झोप. दाक्षायणीबाई दोन वर्षांपासून सगळं विसरत चालल्या होत्या. पोटच्या लेकाला ‘पाव्हणं’ म्हणायच्या आणि रात्रभर दार वाजवायच्या.

उपनिरीक्षक ऋतुजाला हा हिशोब उशिरा सुचला. सोमवारी वीरभद्रप्पा ठाण्यात येऊन रडला होता, तेही खरंखुरं. शेजारणीनं सांगितलं, म्हातारी पहाटे मोरांची चादर डोक्यावरून घेऊन गेली. चेहरा झाकलेला, मग कॅमेऱ्यांत शोधायची ती चादरच. वीरभद्रप्पानं घरी राहिलेल्या, जोडीतल्या दुसऱ्या चादरीचा फोटो दिला. पांढऱ्यावर लाल मोर. कॉम्प्युटर तीन दिवस शहरभरच्या चित्रणाशी तो ताडत राहिला. काहीच जुळेना.

गुरुवारी ऋतुजानं फोटो मोठा करून पाहिला. काठाला शिलाईची दुमड दिसत होती. तिची आई घरी चादरींचे काठ शिवायची. दुमड उलट बाजूला जाते, हे तिला शाळेआधीच ठाऊक. आणि अशा चादरीत उलट बाजू म्हणजे रंगांची अदलाबदल: सुलट बाजूला लालवर पांढरे मोर. तिनं रंग फिरवून शोध पुन्हा लावला. दहा मिनिटांत एस.टी. स्टँडच्या चित्रणात लाल चादरीभोवती चौकट उमटली. दुपारी दुधनीच्या पोलिसांचा फोन आला. मग तिनं वीरभद्रप्पाला बोलावलं.

“यंत्रमागावर किती वर्षं?”

“वीस.”

“उलट-सुलट कळतं?”

“कळतं की.”

“मग फोटो उलट बाजूचा कसा?”

“गडबडीत झालं असंल.”

“सोमवारी पहाटे कुठं होता?”

“पाळीवर, मॅडम.”

तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. म्हातारीला दुधनीच्या गाडीत चढवणारा तोच होता.

“रंग बदलले की यंत्राला ती वेगळी चादर वाटते. माणसाला फसवायचं नव्हतं तुम्हाला, यंत्राला चकवायचं होतं.”

“कुणीतरी सांभाळंल वाटलं,” तो पुटपुटला.

“पुढं बघा.”

पायरीवर म्हातारी थांबली, वळली. चादर काढून तिनं लेकाच्या अंगावर लपेटली. त्यानं ती परत तिच्या डोक्यावरून घातली. चित्रणाला आवाज नव्हता.

“काय म्हणाल्या?”

त्यानं पडद्याकडे पाठ फिरवली.

“‘वीरू, थंडी लई हाय,’ म्हणली.”

दोन वर्षांत पहिल्यांदाच आईनं त्याचं नाव घेतलं होतं.

दुधनीच्या स्टँडमागं दाक्षायणीबाई बुधवारपर्यंत जिवंत होत्या. सुलट बाजूचा फोटो असता, तर सोमवारीच सापडल्या असत्या. वीरभद्रप्पाला झोपेच्या तीन रात्री मिळाल्या. तिन्हींचं मोल आईनं चुकवलं, उघड्यावर, चादर सुलट पांघरून.