नऊ वळणांचा पूल

विश्वास ठेवाच म्हणून मी कुणाला गळ घालणार नाही. पण देविका माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि तिला साधी थाप मारतानाही हसू फुटतं.

हे सांगताना ती एकदाही हसली नाही.

गेल्या नोव्हेंबरातला रविवार. इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंगपासून पाऊण तासावर एक चायनीज गार्डन आहे. जुन्या राजेशाही बागेसारखं हुबेहूब उभारलेलं थीम पार्क. लाल मंडप, मोठा तलाव, रेशमी झगे घातलेला स्टाफ.

देविकाचे आईबाबा, म्हणजे माझी लीलावती मावशी आणि काका, पुण्याहून लेकीकडे आले होते. काकांना असल्या जागांचं भारी वेड.

तलावातल्या मंडपाकडे एक वाकडातिकडा पूल जात होता. नऊ वळणांचा.

"भुतांना म्हणे फक्त सरळ चालता येतं," देविकाने पाटी वाचून सांगितलं. "टर्न घेताच येत नाही. म्हणून पूल असा."

"मग तुझे बाबाही त्यातलेच. जन्मभर नाकासमोर चाललेत," मावशी म्हणाली.

काका हसले आणि फोटो काढायला एकटेच पलीकडे गेले.

पावणेचारला धुकं उतरलं. मंडप दिसेनासा झाला.

बदकंही एकाएकी गप्प झाली...

देविकाने काकांना फोन लावला. तो लागत होता, पण त्याची रिंग कुठेच ऐकू येत नव्हती.

"आई, तू हाक मार ना. फिफ्टीन मिनिट्समध्ये क्लोज होतंय!"

बेचाळीस वर्षांच्या संसारात, उखाणा सोडला तर मावशीने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही.

"अहो...!"

काही नाही.

"अहो, ऐकलंत का?"

मग धुक्यातून...

"ओ."

मावशी पुलावरून धुक्यात शिरली. मंडपापासूनच्या पहिल्याच वळणावर काका उभे होते. कठड्याला छाती टेकवून. वळतच नव्हते.

"गुडघा धरला वाटतं," म्हणत तिने त्यांचा हात धरला. हात गार पडला होता. एकेक वळण घेत तिने त्यांना बाहेर आणलं.

नऊच्या नऊ वळणं.

गाडी सुरू करताना देविकाला बागेच्या भिंतीपलीकडून आवाज आला...

"अगं... अगं, थांब..."

असेल कुणीतरी दुसरं मराठी कुटुंब, असं तिला वाटलं. कार पार्कमध्ये दुसरी गाडी नव्हती. तरी ती निघाली. हेच तिला आजही खातंय.

घरी काका जेवत होते, झोपत होते. पण हॉलमधून किचनकडे वळायचं आलं की भिंतीला छाती टेकवून थांबायचे. कुणी हात धरेपर्यंत. डॉक्टरांनी स्कॅन काढला. सगळं नॉर्मल.

आठव्या दिवशी मावशी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"मुरलीधर!"

पाठ हलली नाही.

"मुरलीधर...!"

काही नाही.

मग अगदी हळू...

"अहो."

"ओ."

मावशी खुर्चीपासून मागे सरली. "देवू, मी नाव घेतलंच नव्हतं गं. कुणाला बोलावलं मी? आणि तुझे बाबा तिथेच राहिले..."

देविका त्याच दिवशी बागेत गेली. मंडप रिकामा होता. "पण तुमचे वडील घरीच आहेत ना?" स्टाफने विचारलं.

आता दर रविवारी मायलेकी तिथे जातात. मावशी पुलाशी उभी राहून काकांना नावाने हाका मारते. घसा बसेपर्यंत. अजून ओ आलेली नाही.

तेवढा वेळ घरी काकांजवळ मी बसते. कुणालाही हाक मारायची नाही, असं मावशीने बजावलंय. मी तोंडातून शब्द काढत नाही. टीव्हीसुद्धा बंद ठेवते.

तरी गेल्या रविवारी, बरोबर पावणेचारला, तिकडे मावशी नावाने हाका मारत असतानाच, खुर्चीतून...

"ओ."