मागच्या चाकाची लाल टोपी

"मावशी, पाच वाजता माझ्या गॅरेजचा निकाल आहे," सोलवे दारातूनच म्हणाली.

सेल्फोस गावच्या बचावपथकाच्या जीपगाड्या दुरुस्तीला कुणाच्या हाती द्यायच्या, ते पथकप्रमुख हाल्ग्रिमुर ठरवणार होता. आणि त्याच्याच जीपची मधली पेटी, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी, रविवारी चर्चच्या दारात साऱ्या गावादेखत फुटली होती. महिन्यापूर्वी सोलवेनेच त्या जीपला मोठे टायर चढवून दोन्ही आसांत नवे गिअर बसवले होते.

"म्हातारा गावभर सांगतोय, मी पुढे एक आणि मागे भलतेच गिअर बसवले म्हणून पेटी फुटली."

"बसवलेस का?"

"नाही!"

"मग रडतेस कशाला? जावईबापू, बूट घाला. कॉफी काही पळून जात नाही."

स्नायब्योर्नने निमूट बूट घातले. तीस वर्षं बचावपथकाचा ट्रक हाकलेली त्याची सासू इंगवेल्दुर आता लोकांच्या भानगडी उकलत असे, आणि ओझी हा उचलत असे.

गॅरेजात तिने त्याला पुढचं एक आणि मागचं एक चाक उचलून दहा-दहा वेळा फिरवायला लावलं, पेटीतून येणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजायला लावले.

"दोन्हीकडे सारखेच, सासूबाई. म्हणजे सोलवे सुटली!"

"म्हाताऱ्याच्या डोक्यातून कुठे सुटली? पेटी कशाने फुटली ते कळेपर्यंत तो ऐकायचा नाही."

चारी चाकं जोडणारा, ड्रायव्हरजवळचा दांडा ओढलेल्या जागीच अडकून बसला होता. इंगवेल्दुर चाकांशी वाकली.

"हवा भरायच्या तोंडावरच्या टोप्या कुणाच्या?"

"मीच लावल्या," सोलवे म्हणाली. "पुढे लाल, मागे काळ्या."

मागच्या डाव्या चाकावर लाल टोपी होती.

हाल्ग्रिमुर आपल्या घरी कुबडी मांडीवर ठेवून बसला होता. दीड महिन्यापूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "खुर्चीत बसवतं, उकिडवं नाही," तो गुरगुरला.

"पुढची चाकं आसाला जोडणारी कुलपं?"

"हिवाळाभर लावलेलीच असतात. ती लावायला बर्फात कोण उतरणार? दांडा ओढला की चारी चाकं ओढू लागतात."

"रविवारी रस्ता कोरडा होता. दांडा कधी ओढलात?"

म्हाताऱ्याने खिडकीकडे पाहिलं. "आठवत नाही."

"स्टिअरिंग जड होतं?"

"होतं. हल्ली माझे हात..."

अंगणात त्याचा भाचा कोल्बेन होता. रेक्याविकहून सुट्टीला आलेला, शनिवारपासून मुक्कामी.

"शनिवारी मामांची गाडी धुऊन आणली, बस्स."

"तुझी कशी आहे रे?"

"आजी, माझ्या गाडीची चारी चाकं कायमच ओढतात. बर्फ असो की डांबर, कशाला हात लावायला नको. तुमच्या काळची खटपट नाही."

"आजी म्हणतोस कुणाला?" म्हणत ती वळली. पण हसत होती.

पाच वाजता पथकाच्या खोलीत तिने लाल टोपी टेबलावर ठेवली.

"मऊ बर्फावर जायचं तर टायरमधली हवा सोडावी लागते, परतल्यावर भरावी लागते. चारी टोप्या एकाच खिशात गेल्या आणि भलत्या चाकांवर आल्या. ज्याला उकिडवं बसवत नाही, तो चार चाकांशी वाकला नाही. कोल्बेन, धुताना टोप्या काढतात होय रे?"

कोल्बेनचे कान लाल झाले.

"बर्फावर चाकं घसरतात, म्हणून चारी जोडलेली चालतात. कोरड्या डांबरावर वळणं घेताना पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, पण घसरू शकत नाहीत. कोल्बेनच्या गाडीची पेटी त्यांना वेगळं फिरू देते, या जीपची देत नाही; सगळा ताण पेटीत. स्टिअरिंग जड होतं, दांडा अडकतो, शेवटी पेटी फुटते. बर्फात दांडा ओढायला सोबतच्या मित्रांनी सांगितलं असेल. पण ज्याच्या गाडीला दांडाच नाही, त्याला तो परत ढकलायचं कसं सुचणार?"

"मामा, हिमनदीच्या पायथ्यापर्यंतच गेलो होतो..."

हाल्ग्रिमुरने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "म्हणजे... दांडा परत ढकलायला मी विसरलो नव्हतो?"

"ओढलाच नव्हतात, तर विसराल काय? पण आपलं वय झालं, या भीतीने तुम्ही पोरीचं नाव बुडवायला निघालात. ते मात्र तुमचंच."

म्हाताऱ्याने पथकाच्या जीपांच्या किल्ल्या एकेक करून सोलवेसमोर ठेवल्या.

"रविवारी चर्चच्या दारात मी सांगेन, चूक माझी होती," तो म्हणाला. "आणि माझ्यानंतर हा कोल्बेन बोलेल."