द्राक्षमळ्यातली दोघांची खोली

जेवणाच्या सुट्टीत ती चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडली, तेव्हा पाऊस नुसता भुरभुरत होता. समोरच्या सहलींच्या ऑफिसच्या काचेवर द्राक्षमळ्यांचं भलंमोठं चित्र लावलं होतं. बरेच दिवस ती ते लांबूनच बघत होती. आज म्हटलं, विचारून तर बघू... विचारायला काय जातंय?

दार ढकललं, तर काउंटरपाशी तिचा नवरा!

पाठमोरा होता, पण मानेवर पिठाचा पुसट पट्टा होता, तो तिला कुठेही ओळखू आला असता. रात्रभर बेकरीत पाव भाजून आलेला हा माणूस या वेळी घरी घोरत असायला हवा होता.

"दोघांसाठी खोली हवीय," तो काउंटरवरच्या बाईंना सांगत होता. "शनिवार-रविवार. जरा... रोमँटिक. पण स्वस्तातली."

दोघांसाठी? कोण दोघं?

बाळ झाल्यापासून त्यांची भेट व्हायची ती दारात. सकाळी तो आला की ती निघायची, संध्याकाळी ती आली की तो. मधला दिवस बाळ सासूबाईंपाशी. दारात बोलणं काय, तर "शी झाली", "ताप नाही", "डबा ओट्यावर आहे". तेही कुजबुजत, बाळ उठेल म्हणून. आपल्यात आता एवढंच उरलंय की काय, ही भीती ती कुणाजवळ बोलली नव्हती. आणि आता हे!

ती चोरासारखी पुस्तिकांच्या रॅकमागे सरकली.

"हंगाम संपला हो," बाई म्हणाल्या. "वेली नुसत्या उघड्याबोडक्या."

"म्हणून तर परवडेल ना?"

"तेही खरंच. तोडणीला येणाऱ्या मजुरांच्या खोल्या सध्या रिकाम्या आहेत. आणि इथे वाइनच्या बाटल्या पोचवून मळ्याची गाडी रिकामीच परत जाते, तिच्यातून जा."

"आणि रात्रीतून परत यायचं झालं तर? अचानक?"

अचानक! म्हणजे सगळं लपूनछपून चाललंय.

"फोनला रेंज? खोलीतच येते ना?"

वा! म्हणजे तिथे बसून मला थापा मारायला बरं.

"आणि... वाइन चालत नसेल तर? तिला नाही चालत."

*तिला.* बेकरीतल्या सगळ्या जणी डोळ्यांपुढून गेल्या, आणि केकवर फुलं काढणारी ती हसरी मुलगी तर दोनदा गेली.

"द्राक्षाचा रस मिळेल की," बाई म्हणाल्या. "पण का हो चालत नाही?"

"बाळ अजून अंगावर पितं ना."

रॅकवरच्या निम्म्या पुस्तिका धाडकन खाली आल्या.

तो वळला. "तू?" त्याने कुजबुजत विचारलं... सवयच लागली होती.

"तू झोपलेला असतोस ना या वेळी?" तीही कुजबुजली.

बाईंनी चष्म्यावरून दोघांना निरखलं. "हे बघा, घरी माहीत आहे ना तुमच्या?"

"अहो, हा नवरा आहे माझा!" ती एवढ्या जोरात ओरडली की आपल्याच आवाजाने दचकली.

तो हसायला लागला, आणि तिला रडू फुटलं.

"अगं... काय झालं?"

"मला वाटलं, तू कुणाला तरी घेऊन चाललायस. त्या केकवालीला."

"केकवालीला? तिच्या लग्नाचा केक मीच उचलून नेला! मी उभ्या उभ्या झोपतो गं, मला कुठली दुसरी?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

तो काउंटरची कड नखाने खरवडत राहिला. "सिनेमाला चल म्हटलं, तर 'बाळ'. फिरायला चल म्हटलं, तर 'बाळ'. नाही म्हणशील, याची भीती वाटत होती... आणि हो म्हणशील, याची त्याहून जास्त."

"म्हणजे?"

"दोन दिवस नुसते आपण दोघं. बोलायचं काय? तुला माझा कंटाळा आला तर?"

तिचीच भीती — आणि ती याच्या तोंडून!

"वेडा आहेस," ती म्हणाली. "मला अजून आवडतोस तू. बघायला मिळत नाहीस, एवढंच."

"बाळाला ताप आला तर?" आता त्यालाच घाम फुटला होता.

"रात्रीतून येऊ."

"रडलं तर?"

"तुझी आई आहे. मी रडले तर तू आहेस." बाळाचा वास आठवत होता, तरी तिने त्याचा पिठाळ हात धरला. "शनिवार पक्का करा हो."

"करते," बाई म्हणाल्या. "पण मागून तक्रार नको. मजुरांची खोली आहे, खाटा दोन वेगवेगळ्या आहेत, लोखंडी."

तो काही बोलणार, तेवढ्यात तिने गंभीर चेहऱ्याने विचारलं,

"सरकवता येतात ना?"

त्याचे कान लालबुंद झाले.