चार कोपऱ्यांची रेकॉर्ड

सरका जरा शेकोटीकडं. अन् मधी बोलू नका. हे काही इकडून तिकडून ऐकलेलं न्हाई. जालन्याच्या कादराबादेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे ना, त्या रामकिसनच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. डोळ्यांदेखत तरी कसं म्हणावं... अंधारच होता. कानांदेखत म्हणा.

दोन वर्षांखालची गोष्ट. पौषातली अवस, बुधवार. दिवस मावळताना रामकिसननं दुकानाच्या फळ्या लावल्या, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली, सायकलच्या हँडलला वायरचं भेंडोळं टांगलं आणि निघाला. काम साधंच होतं. भोकरदन नाक्यापलीकडं बेबीनंदा मास्तरीणबाईंच्या घरी मुंबईहून ट्रकनं एक मोठं खोकं आल्तं. ते उघडून आतलं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र लावून द्यायचं.

यंत्र पाठवलं होतं बेबीनंदाच्या नवऱ्यानं, अप्पारावनं. तो मूळचा कुंभार पिंपळगावचा, रामकिसनचा शाळेपासूनचा जोडीदार. जर्मनीत कारखान्यात नोकरीला होता. गाण्याचं भलतं वेड. मागं सुट्टीवर आला तेव्हा एक इंग्रजी रेकॉर्ड घेऊन आल्ता. रात्री दुकान बंद करून दोघं ती ऐकत बसायचे. रामकिसनला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण गाणं काळजाला लागायचं. अप्पारावचं मात्र समाधान व्हायचं न्हाई.

"आपण अर्धीच ऐकून राह्यलो, रामकिसन," तो म्हणायचा. "या लोकांनी ही रचली ती स्पीकरच्या चार पेट्यांसाठी. दोन समोर, दोन पाठीमागं. मधी माणूस बसला की गाणं त्याच्या भोवती फिरतं. माझ्या आईला तसं मधी बसवायचंय बघ. तिला दिसत न्हाई, पण कानानं खोलीभर दिसंल."

त्यानं बोल खरा केला. चार पेट्यांचं यंत्र घेतलं, जहाजावर चढवलं. तिकडं बर्फ विरघळावा म्हणून रस्त्यावर पोत्यांनी मीठ टाकतात; तरी यंत्र समुद्रात असतानाच बर्फावरून त्याची मोटार घसरली. अप्पाराव जागीच गेला. मातीही तिकडंच झाली.

तार आली ती बेबीनंदाच्या शाळेत. बाई खंबीर. रडं गिळून घरी आली आणि सासूला, चांगुणाबाईला, काहीच बोलली न्हाई. म्हातारी दोन्ही डोळ्यांनी आंधळी, त्यात छातीचं दुखणं काढून नुकतीच दवाखान्यातून आल्ती. डॉक्टरनं बजावलं होतं, धक्का सोसायचा न्हाई. आज सांगू, उद्या सांगू करता करता महिना गेला. रामकिसनलाही बेबीनंदानं गप्प राहायची शपथ घातलेली.

त्या सांजेला रामकिसननं उंबऱ्यात पाऊल टाकलं तशी म्हातारी बाजेवरून म्हणाली, "रामकिसना, आलास का रे? लाव बरं जल्दी. अप्पाचं यंत्र आलं, म्हंजे मागून तो बी येतो."

"येतो की, मावशी," रामकिसन म्हणाला. आणि लगेच खोकं उघडायला बसला.

खोली लहानशी, खाली शहाबादी फरशी. दोन पेट्या त्यानं समोरच्या कोपऱ्यांत ठेवल्या, दोन पाठीमागच्या. बाज ओढून मधोमध घेतली. वायरी जोडता जोडता चांगलीच रात्र झाली. गल्लीतली दारं लागली. खोक्याच्या तळाशी रेकॉर्ड सापडली. तीच, ओळखीच्या चित्राची. फक्त ही चार पेट्यांसाठी काढलेली.

बेबीनंदा स्वैपाकघराच्या दारात उभी होती. हळूच म्हणाली, "भाऊ, एकदा ऐकवा आणि बंद करा. त्यांनी हौसेनं पाठवलंय म्हणून... मला जास्त सोसणार न्हाई."

रामकिसननं सुई टेकवली.

काय सांगावं! समोरून गाणारा, उजव्या हाताला ढोल, पाठीमागून कुठल्याशा देवळाची घंटा. इतके दिवस जे गाणं त्याला भिंतीवरच्या चित्रासारखं वाटायचं, त्यानं आज दार उघडून त्याला आत घेतलं. अप्पाराव खरं बोलत होता. म्हातारीचं तोंड उजळलं. बोट करून करून दाखवायला लागली. "हा इथं ढोलवाला. हा गाणारा. अगं बेबे, मागं घंटा ऐक! केवढं मोठं घर हाये गं हे!"

मंग गाणं हळूहळू खाली बसलं. आणि पावलं वाजायला लागली.

जड बुटांची पावलं. खडीवरून चालल्यासारखी. चर्र... चर्र... पाठीमागच्या डाव्या पेटीतून निघाली, समोर आली, उजवीकडं वळली.

"कोण हाये?" बेबीनंदा दचकली.

"भिऊ नका वहिनी, रेकॉर्डमधलंच हाये. हा माणूस एक चक्कर मारतो, अन् गाणं परत सुरू होतं."

एक चक्कर झाली.

गाणं सुरू झालं न्हाई.

पावलांनी दुसरी चक्कर धरली. रामकिसनला वाटलं, चार पेट्यांच्या रेकॉर्डमधी लांबवलं असंल. दुसरं काय वाटणार? पण ही चक्कर पहिल्यापेक्षा लहान होती. पावलं भिंतीकडून आत सरकत होती.

तेवढ्यात लाइट गेली.

खोलीतली गेली, गल्लीतली गेली. यंत्रावरचा तांबडा दिवा विझला. पेट्या मुक्या झाल्या.

चर्र... चर्र...

रामकिसननं अंधारात हात लांबवला. तबकडी बोटांना लागली. गप्प होती. फिरत नव्हती. त्यानं तळहात तिच्यावर तसाच दाबून धरला.

चर्र...

आवाज पेटीतून येत नव्हता. खालून येत होता. फरशीवरून. जिथं एकही पेटी न्हाई, तिथून.

बेबीनंदानं त्याचं मनगट धरलं. भूतबीत मानणाऱ्यातली बाई नव्हे ती. पण मनगट काही सोडंना.

पावलं बाजेपाशी आली.

थांबली.

बाजेची सुतळी करकरली. कुणीतरी बसलं.

"अप्पा?" म्हातारी म्हणाली.

...

"बूट तरी काढायचे, बाबा. घरात आलास ना?"

...

"असा कसा रे गार? दे, हात दे इकडं."

मंग ती गप्प झाली. रामकिसनला आपलाच श्वास मोठा वाटायला लागला. पळावं म्हटलं तर दाराकडं जायची वाट बाजेला घासून होती. मधेच म्हातारी "हं" म्हणायची. कुणी सांगतंय आणि ती ऐकतीय, तशी. दुसऱ्या कुणाचा शब्द न्हाई. नुसतं...

"हं."

...

"कवा?"

...

"हं."

आणि बऱ्याच वेळानं, लेकराला विचारावं तसं, "लई दुखलं का रे?"

...

सुतळी पुन्हा करकरली.

जाताना पावलं वाजली न्हाईत.

लाइट आली. रामकिसनचा हात दचकून मागं आला. तबकडी हळूहळू वेग धरायला लागली, आणि चारी कोपऱ्यांतून एक घोगरा, लांबलेला, माणसाचा वाटेना असा आवाज निघाला. चढत चढत गेला. गाणाऱ्याचा झाला. रामकिसननं झटक्यात सुई उचलली.

बाजेवर म्हातारी एकटीच होती. एक हात गोधडीवर उताणा, मोकळा. तोंड सुनेकडं वळवलेलं.

"बेबे," ती म्हणाली, "महिनाभर एकलीनंच वाहिलंस गं हे? ये. इकडं ये."

बेबीनंदा तिच्या मांडीवर कोसळली. महिन्याचा दाबून धरलेला हंबरडा तेव्हा फुटला. गल्ली जागी झाली. माणसं जमली. डॉक्टरचा धाक खोटा ठरला. म्हातारी रडली, पण मोडली न्हाई. सुनेच्या पाठीवरून रात्रभर हात फिरवत बसली. कुणी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं, तर एवढंच म्हणायची, "ज्याचं त्यानं."

रामकिसनही त्या रात्री घरी गेला न्हाई. अंधारात सायकल काढायची छाती झाली न्हाई.

उजाडल्यावर बेबीनंदानं झाडायला केरसुणी घेतली आणि बाजेपाशी येऊन थबकली. त्याला हाक मारली.

बाजेच्या कडेला, फरशीवर, पांढरं काहीतरी पडलं होतं. थोडंसंच. बुटाच्या टाचेखालून निसटावं तेवढं. चुना म्हणावा, तर घराच्या भिंती निळ्या. तिनं बोट ओलं केलं, टेकवलं, जिभेला लावलं. मंग रामकिसनकडं बघत राहिली. त्यानंही चिमूट उचलून चाखली.

मीठ होतं. जाडं, करडं मीठ. असलं मीठ जालन्यात कुठल्याच दुकानात मिळत न्हाई.