तिच्या नावाचा खण

रामघाटाच्या गल्लीतल्या शिंप्याकडे मी कापडाच्या चिंध्या आणायला गेले होते. ब्याण्णव सालचा पितृपक्ष. गंगा नुकतीच ओसरली होती आणि गल्लीभर गाळाचा वास होता. शिंप्यानं पिशवी भरून कतरन दिली, आणि वर म्हणाला, "बड़ी बहूजी भी यहीं से ले जाती थीं. क्या हाथ था उनका!"

घ्या. इथेही तीच. विद्युल्लता, माझ्या नवऱ्याची पहिली बायको. ती जाऊन चार वर्षं झाली होती, मी येऊन एक. पण बालाजी घाटावरच्या आमच्या बैठकीत तिनं चिंध्या जोडून केलेलं घाटाचं चित्र लटकत होतं. येणारा-जाणारा चहा माझ्या हातचा पिऊन कौतुक तिचं करायचा. खोटं कशाला सांगू, जळायचे मी. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं.

म्हणून मीही घाट करायला घेतला. जाड मांजरपाटावर पायऱ्या टाचल्या, नदी शिवली, पायरीवर नवऱ्याला, श्रीनिवासना बसवलं. शेजारी मी. चेहरा कोराच ठेवला, नाकडोळे मला जमत नाहीत. माझ्या साडीसाठी मात्र पिशवीतला एकही तुकडा पसंत पडेना. मग कपाटातला हिरवा खण दिसला.

दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी होती. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. त्या ओटीसाठी श्रीनिवासनी तो खण स्वतः निवडून आणला होता.

"तिच्या नावानं ठेवलाय. हात नको लावूस, बस," त्यांनी बजावलं होतं. मला त्यांनी आपणहून कधी रुमालसुद्धा आणला नव्हता. तळपायाची आग मस्तकात गेली. कापला मी तो खण आणि चित्रातल्या माझ्या अंगावर साडी म्हणून शिवला. ओटीसाठी माझ्या माहेरचा एक काढून ठेवला. मेलेल्या बाईला काय कळतंय?

संध्याकाळी तिचं चित्र उतरवून त्याच खिळ्याला माझं अडकवलं. श्रीनिवास बँकेतून आले तेव्हा वीज गेली होती. त्यांनी कंदील उचलून भिंतीशी धरला आणि बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "केव्हा आलीस...?"

"मी घरातच होते की."

त्यांनी मान वळवली नाही. मी हाक मारली, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं होतं. शेजारच्या गीतावहिनी सवाष्ण म्हणून जेवायला आल्या. "खीर एकदम बढिया झालीय," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात बैठकीतून आवाज आला. सुर्र... सुर्र... ताणलेल्या कापडातून दोरा ओढल्यासारखा. माझी सुई तर डब्यात होती. श्रीनिवास घास हातात धरून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हसू होतं. तसं हसू मी लग्नानंतर पाहिलंच नव्हतं, आणि त्या घटकेला मला भीतीपेक्षा रागच जास्त आला.

मी उठून बैठकीत गेले. कोऱ्या चेहऱ्यावर काळ्या दोऱ्याचे दोन डोळे आले होते. ते नदीकडे बघत नव्हते. शेजारी बसलेल्या श्रीनिवासांकडे बघत होते.

चित्र उपटून चुलीत घालावं असं वाटलं, पण सवाष्ण उपाशी उठवायची कशी? जेवणं उरकली. बैठकीतच पाट मांडून मी गीतावहिनींना हळदकुंकू लावलं, ओटी भरली. परतीचं कुंकू लावून घ्यायला कपाळ पुढे केलं. या घरची सवाष्ण मीच होते ना?

गीतावहिनींनी करंड्यातून चिमूट घेतली. मला वळसा घालून त्या भिंतीकडे गेल्या.

"वहिनी... मी इकडे आहे..."

"किती वाळलीस ग, विद्युल्लता," त्या चित्राला म्हणाल्या आणि हिरव्या साडीतल्या त्या बाईच्या कपाळावर बोट टेकवलं.

मागे श्रीनिवास हात जोडून उभे होते. मी कपाळ पुढे केलेलं तसंच राहिलं. कापडावर कुंकू कोरडं बसायला हवं होतं. ते ओलं झालं, आणि घामाच्या थेंबाबरोबर, मघाशी नसलेल्या तिच्या नाकावर ओघळलं.