ग्रोशेरच्या धक्क्यावरची पाटी

आल्गोत स्टॉकहोमहून बेटांना जाणारी बोट सव्वीस वर्षं चालवत होता, आणि त्यातली पंचवीस त्याने प्रवाशांना नावं ठेवण्यात घालवली होती. उन्हाळ्यात येणारे शहरी लोक तर त्याच्या लेखी बिनडोकच. धक्क्यावरची पांढरी पाटी वर केली की बोट थांबते आणि चढताना ती खाली करायची असते, एवढंही त्यांच्या टाळक्यात शिरत नाही, असं तो म्हणे.

पण ऑक्टोबरात ग्रोशेर बेटावर शहरी कुणी नसतं. तिथे एकटा राहायचा तो आल्गोतचा थोरला भाऊ रूने. आईच्या दफनाच्या दिवशी रूनेची बोट चुकली आणि तो पोचला तेव्हा खड्डा बुजवून झाला होता. तेव्हापासून अकरा वर्षं दोघांत अवाक्षर नव्हतं. आल्गोत त्याला माणसांत धरतच नसे.

सोमवारी ग्रोशेरची पाटी वर दिसली. बोट लावली, तर धक्क्यावर चिटपाखरू नाही. दुय्यम कप्तान इल्वाने उतरून पाटी खाली केली. मंगळवारी पुन्हा तेच. इल्वा म्हणाली, घरापर्यंत जाऊन बघू या, म्हातारा आजारी असेल.

"त्याला काय धाड भरलीय? मला ताटकळवायची मजा घेतोय," आल्गोत म्हणाला.

बुधवारीही पाटी वर होती. आल्गोतने वेग कमी केला नाही. टोपी मागे सारून काचेतून धक्क्याकडे पाहिलं, "कुणी नाहीये," म्हणाला आणि पुढे गेला. इल्वा मागे गप्प उभी होती. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. रूने मेला असेल तर, हा विचार काही केल्या हटेना, आणि त्याचाही त्याला रागच आला.

गुरुवारी त्याने सुकाणू इल्वाकडे दिलं. तासाभरात परतताना मला घे, असं बजावून तो उतरला. पाटी त्याने स्वतः खाली केली.

घर उघडं होतं. चूल धगधगत होती. टेबलावर दोन कप, एक उष्टा आणि एक कोरा. दाराशी रूनेचे बूट, ओले. आल्गोतने हाका मारल्या, मग शिव्या दिल्या. परसात, होडीघरात, कुठेच कुणी नव्हतं.

चडफडत तो धक्क्यावर आला आणि पाटी वर केली. बिजागरी करकरली.

बोट बरोबर वेळेवर आली.

वेग कमी झाला नाही.

आल्गोतने हात हलवला, ओरडला. काचेमागे इल्वा होती, पण सुकाणू तिच्या हाती नव्हतं. ती मागे गप्प उभी होती. पुढच्या माणसाने टोपी मागे सारली आणि सरळ आल्गोतकडे पाहिलं. रोज दाढी करताना दिसणारा तोच चेहरा. त्याचे ओठ हलले. दोनच शब्द.

बोट गेली. लाटेने आल्गोतचे बूट भिजले.

"ओरडू नकोस, घसा बसतो," मागून कुणीतरी म्हणालं.

धक्क्यावरच्या बाकावर रूने बसला होता, अनवाणी. शेजारी घरातले तेच दोन कप होते.

"सोमवारपासून मी इथेच उभा होतो. तू माझ्याकडेच तर बघत होतास."

त्याने कोऱ्या कपात कॉफी ओतली आणि भावासाठी जागा केली.

"बस. उद्या पाटी तू वर कर."